छोट्या लिमिटच्या पोकरमध्ये ड्रॉ हाती असताना रेज केव्हा करावी

अजून पूर्ण न झालेला, पण पुढच्या एखाद्या पानाने पूर्ण होऊ शकणारा हात म्हणजे ड्रॉ. असा हात आला की नवखे खेळाडू बहुधा दोनपैकी एका पद्धतीने वागतात. काही जण प्रत्येक बेटला (लावलेल्या पैशांना) मुकाट्याने कॉल करत राहतात, म्हणजे तेवढेच पैसे टाकतात, आणि पान लागले तरच पुढे सरसावतात. काही जण मात्र एकाच चिन्हाची चार पाने जमलेली दिसताच रेज करून, म्हणजे बेट वाढवून, मोकळे होतात, मग समोर एक जण असो की पाच. छोट्या लिमिटच्या टेबलावर या दोन्ही सवयी महागात पडतात. ड्रॉवर रेज करावी की नाही, हे मुख्यतः एकाच गोष्टीवरून ठरते: आपण रेज केल्यानंतर आपल्याइतकेच पैसे टाकून किती जण डावात टिकतील? या प्रश्नाचे उत्तर टेबलावर बसल्या बसल्या कसे काढायचे, ते येथे क्रमाने सांगतो.

आधी टेबल ओळखावे

येथे लिमिट होल्डेम हा प्रकार गृहीत धरला आहे. यात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात आणि सर्वांच्या सामाईक वापरासाठी पाच पाने उघडी मांडली जातात: फ्लॉपला तीन, टर्नला एक आणि रिव्हरला एक. बेटची रक्कम ठरलेली असते. फ्लॉपच्या आधी आणि फ्लॉपवर छोटी बेट चालते, तर टर्न आणि रिव्हरवर तिच्या दुप्पट मोठी बेट. रेजही तेवढ्याच ठरलेल्या रकमेने करता येते आणि एका फेरीत बहुतेक ठिकाणी एक बेट व तीन रेज एवढीच मुभा असते. त्यामुळे मोठी रक्कम पुढे ढकलून समोरच्याला घाबरवण्याची सोय या प्रकारात नाही. पॉट, म्हणजे डावात जमलेला पैशांचा ढीग, भरलेला असताना एका जादा बेटला कोणी सहसा हात सोडत नाही, आणि छोट्या लिमिटवर तर नाहीच नाही.

पण प्रत्येक टेबल असे असतेच असे नाही. म्हणून बसल्यावर पहिले वीस-पंचवीस डाव दोन गोष्टी पाहण्यात घालवाव्यात. एक, फ्लॉप पाहायला साधारण किती जण राहतात. आणि दोन, फ्लॉपवर एकदा कॉल केलेला खेळाडू नंतर रेज आल्यावर पाने टाकून डाव सोडतो का. पाच-सहा जण फ्लॉप पाहत असतील आणि एकदा आत आलेला बाहेर जात नसेल, तर पुढचे सर्व हिशेब लागू पडतात. दोघे-तिघेच उरणाऱ्या टेबलावर मात्र साध्या ड्रॉवर रेज करण्याची कारणे झपाट्याने कमी होतात.

आउट मोजण्याची सवय

आपला हात पूर्ण करणाऱ्या पानांना आउट म्हणतात. फ्लॉपनंतर आपली दोन आणि मांडलेली तीन अशी पाच पाने आपल्याला दिसतात, म्हणजे न दिसलेली 47 उरतात. एका चिन्हाची चार पाने जमली असतील तर त्या चिन्हाची नऊ बाकी असतात. म्हणून टर्नला फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पाने, लागण्याची शक्यता 47 पैकी 9, सुमारे 19 टक्के. आणि टर्न-रिव्हर मिळून दोन पानांत ती सुमारे 35 टक्के होते. ओळीने येणाऱ्या पाच पानांना स्ट्रेट म्हणतात. दोन्ही टोके उघडी असलेल्या स्ट्रेटला आठ आउट असतात आणि दोन पानांत ती 31.5 टक्के वेळा लागते. मधले एकच पान हवे असलेल्या स्ट्रेटला चार आउट, म्हणजे दोन पानांत 16.5 टक्के. फ्लशचा ड्रॉ आणि दोन टोकांची स्ट्रेट एकत्र असेल तर आउट पंधरा होतात आणि शक्यता 54 टक्क्यांवर जाते.

हे आकडे पाठ व्हायला वेळ लागतो. तोवर आउटना फ्लॉपवर चाराने आणि टर्नवर दोनाने गुणावे, टक्केवारीचा अंदाज येतो. आउट फार असले की चाराने गुणलेला आकडा फुगतो (पंधरा आउटला साठ येतात, खरे चौपन्न), पण नऊच्या खाली हा अंदाज पुरेसा आहे.

कॉलचा हिशेब वेगळा, रेजचा वेगळा

नवख्यांचा सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो, म्हणून या भागावर थोडे थांबू.

कॉल करावा की पाने टाकावीत हे ठरवताना पॉटमध्ये आधी जमलेले पैसे मोजायचे असतात. पॉटमध्ये दहा छोट्या बेट आहेत आणि आपल्याला एक टाकायची आहे, तर दहा मिळवण्यासाठी आपण एक लावत आहोत. फ्लशचा ड्रॉ टर्नला न लागण्याचे प्रमाण सुमारे चारास एक आहे. दहास एक मिळत असताना पाने टाकण्याचा प्रश्नच येत नाही.

रेजचे तसे नाही. कॉल तर आपण करणारच आहोत. प्रश्न आहे तो वरच्या एका जादा बेटचा. पॉटमधले दहा आपण रेज केली काय आणि न केली काय, तेथेच राहणार आहेत. म्हणून लोक डावात राहणार हे गृहीत धरून केलेल्या रेजमध्ये फक्त नव्याने येणारे पैसे मोजावेत: आपली एक जादा बेट, आणि तिच्यावर इतरांनी टाकलेली प्रत्येकी एक. या नव्या ढिगातला आपला वाटा आपल्या एका बेटपेक्षा मोठा असेल तर रेज फायद्याची, लहान असेल तर तोट्याची.

फ्लशच्या ड्रॉचा वाटा 35 टक्के धरू. समोर एकच जण असेल तर नवा ढीग दोन बेटचा, आपला वाटा 0.70. एक टाकून सत्तर शतांश मिळाले, म्हणजे तोटा. समोर दोघे असतील तर ढीग तीनचा आणि वाटा 1.05, जेमतेम बरोबरी. तिघे असतील तर 1.40. चौघे असतील तर 1.75, म्हणजे प्रत्येक जादा बेटमागे पाऊण बेटचा निव्वळ फायदा, आणि तोही अजून काहीही न लागलेल्या हातावर. दोन टोकांच्या स्ट्रेटला समोर दोघे असताना 0.94 मिळतात, म्हणून तिला किमान तिघे हवेत. चार आउटच्या स्ट्रेटला तर सहा जण समोर असले तरच वाटा एकाच्या वर जातो. अशा हातावर पॉट मोठा असल्यास कॉल करावा, रेज मात्र करू नये.

या सर्व हिशेबात टेबलाचे शुल्क धरलेले नाही. प्रत्येक पॉटमधून कापली जाणारी ती रक्कम छोट्या लिमिटवर बेटच्या मानाने मोठी असते. म्हणून 1.05 सारख्या काठावरच्या आकड्यासाठी रेज करण्याचा आग्रह धरू नये. माझा स्वतःचा नियम असा आहे की साध्या फ्लशच्या ड्रॉवर, नुसते पैसे वाढवण्याच्या उद्देशाने रेज करायची असेल, तर किमान तिघे नक्की राहतील अशी खात्री हवी.

बेट कोणत्या बाजूने आली

आता दुसरा प्रश्न येतो. समोर पाच जण आहेत हे खरे, पण रेजनंतरही ते पाचच राहतील का? याचे उत्तर बेट लावणारा आपल्या कोणत्या हाताला बसला आहे यावर अवलंबून असते.

खेळ डावीकडे सरकतो. बेट लावणारा आपल्या लगेच डावीकडे असेल तर ती बेट पूर्ण टेबल फिरून सर्वांत शेवटी आपल्याकडे येते. तोपर्यंत मधल्या तिघाचौघांनी एक-एक बेट टाकलेली असते. आपण रेज केल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न उरतो तो फक्त आणखी एका बेटचा, आणि एक टाकून बसलेला माणूस दुसरी टाकतोच. ड्रॉ असलेल्याला यापेक्षा चांगली जागा नाही.

याच्या उलट बेट लावणारा लगेच उजवीकडे असेल तर त्याच्यानंतर पाळी आपली, आणि बाकीचे सर्व आपल्या मागे. आपण रेज केली की त्या प्रत्येकाला एकदम दोन बेट टाकाव्या लागतात. एका बेटला सहज आला असता असा खेळाडू दोन पाहून पाने टाकतो. जे लोक आपल्या ड्रॉचे पैसे भरणार होते, त्यांनाच आपण दारातून परत पाठवतो.

ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती नीट लक्षात राहिली आहे. माझ्या हाती किलवरचा एक्का आणि नव्वी होती. फ्लॉपवर किलवरची राणी, किलवरची पंजी आणि चौकटची तिर्री आली. उजव्या हाताच्या खेळाडूने बेट लावली, माझ्या मागे चौघे होते, आणि मी मोठ्या उत्साहाने रेज केली. चौघांनीही पाने टाकली. त्यांतल्या पहिल्याने पाने सरकवली तेव्हा एक पान उलटले. तो किलवरचा राजा होता. दुसरे पान झाकलेलेच राहिले, पण तेही किलवरचे असते आणि तो डावात राहिला असता, तर माझा फ्लश लागताच त्याचाही लागला असता, माझ्याहून लहान, आणि त्याने रिव्हरपर्यंत प्रत्येक बेटचे पैसे भरले असते. रिव्हरला किलवर आलेही. मी बेट लावली, उरलेल्या एकाने पाने टाकली आणि तो छोटासा पॉट माझ्याकडे आला. मी जिंकलो होतो, म्हणूनच काय गमावले ते कळायला मला बरेच दिवस लागले.

तोच हात, तोच फ्लॉप, पण मी नुसता कॉल केला असता तर? मागच्या चौघांपैकी तिघे आले असते तर माझ्या एका बेटवर इतरांच्या चार जमल्या असत्या. म्हणजे रेज करून मला जे हवे होते, ते कॉल करूनच मिळाले असते. बेट उजवीकडून आली आणि मागे माणसे बाकी असली की साध्या ड्रॉवर कॉल करून त्यांना आत येऊ द्यावे.

पुढचे पान फुकट मिळवणारी रेज

रेजचे दुसरे कारण फ्लॉप आणि टर्न यांच्या बेटमधल्या फरकात आहे. आपण सर्वांत शेवटी बोलणारे असू, म्हणजे डीलरचे बटन (वाटणाऱ्याची जागा दाखवणारी चकती) आपल्यापुढे असेल किंवा आपल्या मागचे सर्व बाहेर पडले असतील, तर फ्लॉपवर केलेली रेज टर्नलाही उपयोगी पडते. रेज करणाऱ्याकडे तयार हात आहे असे समजून इतर खेळाडू टर्नला त्याच्याकडे पाहत चेक करतात, म्हणजे बेट न लावता पाळी पुढे देतात. आपले पान लागले असेल तर आपण बेट लावावी; नसेल तर आपणही चेक करावा आणि रिव्हरचे पान काहीही न देता पाहावे. फ्लॉपवर एक छोटी बेट जादा गेली, टर्नला एक मोठी वाचली. मोठी म्हणजे दोन छोट्या, तेव्हा एक देऊन दोन वाचवल्या.

एक पूर्ण डाव डोळ्यांपुढे आणू. आपल्यापुढे बटन आहे, हाती बदामचा एक्का आणि सत्ती. फ्लॉपपूर्वी सहा जणांनी एक-एक छोटी बेट टाकली, पॉट सहाचा झाला. फ्लॉप आला बदामची राणी, बदामची चौकी, किलवरची नव्वी. पहिल्याने चेक केला, दुसऱ्याने बेट लावली, पुढच्या तिघांनी कॉल केला. आपण रेज करतो. पहिला पाने टाकतो, बाकी चौघे आणखी एक-एक टाकतात. आता पॉटमध्ये सोळा छोट्या बेट आहेत. आपल्या जादा बेटवर चार आल्या, म्हणजे रेज तेवढ्यावरच फायद्याची ठरली. टर्नला इस्पिकची दुर्री येते आणि चौघेही चेक करतात. येथे पुन्हा बेट लावण्याचा मोह होतो, पण आता एकच पान बाकी आहे आणि न दिसलेल्या 46 पानांपैकी 9 आपली आहेत. 19.6 टक्क्यांना पाच बेटच्या ढिगातला वाटा 0.98 येतो. फायदा नाही, शिवाय कोणी चेक करून दबा धरून बसला असेल तर त्याची रेज अंगावर येईल. चेक करून फुकटचे पान घ्यावे. बदाम टर्नलाच आले असते तर मात्र बेट लावण्यात क्षणाचाही विलंब करायचा नसतो. छोट्या लिमिटवर लोक कॉल करायला बसलेले असतात, त्यांच्यासाठी सापळा लावत बसणे म्हणजे आयती येणारी बेट सोडणे होय.

फुकटच्या पानाची ही युक्ती सगळ्यांवर चालत नाही. एखादा खेळाडू फ्लॉपवरच उलट रेज करतो, किंवा टर्नला आपल्याकडे न पाहता पुन्हा बेट लावतो. असा खेळाडू समोर एकटा असेल तर केवळ फुकटच्या पानासाठी रेज करू नये. चार-पाच जण आत असतील तर उलट रेजनेही फारसे बिघडत नाही, कारण प्रत्येक नव्या बेटवर इतरांचे पैसे येतच राहतात. उलट रेजनंतर मधले सर्व पळाले आणि एकटाच समोर उरला, तर तेथे थांबून फक्त कॉल करावा.

मोजलेले आउट खरे किती

आतापर्यंतची उदाहरणे एक्क्याच्या फ्लशची होती आणि ते मुद्दाम केले. त्या ड्रॉचे पान लागले की बहुतेक वेळा पॉट आपलाच असतो. सर्व ड्रॉ इतके स्वच्छ नसतात.

समजा, हाती इस्पिकची अठ्ठी आणि चौकटची सत्ती आहे. फ्लॉपवर बदामची नव्वी, बदामची छक्की आणि किलवरचा राजा. दोन टोकांची स्ट्रेट, चार दश्श्या आणि चार पंज्या, आठ आउट. पण बदामची दश्शी किंवा बदामची पंजी आली तर आपली स्ट्रेट आणि दुसऱ्या कोणाचा तरी फ्लश एकाच पानाने लागतो. ती दोन वजा करावीत. उरले सहा, आणि सहा आउटची दोन पानांतली शक्यता 24 टक्के. त्यातही दश्शी आल्यावर राणी-गुलाम धरून बसलेल्याची राजापर्यंतची स्ट्रेट होते आणि आपली दहापर्यंतचीच राहते. मागे माणसे जितकी जास्त, तितकी कोणाच्या तरी हाती ती पाने असण्याची भीती जास्त. म्हणून गर्दी हा स्वच्छ ड्रॉचा मित्र असला तरी अशा मळलेल्या ड्रॉला ती घातक ठरते. येथे कॉल पुरे.

छक्की-पंजीसारख्या लहान पानांच्या फ्लशचेही तेच. चार-पाच जण आत असताना त्याच चिन्हाची मोठी पाने दुसऱ्याकडे असू शकतात, आणि मग लागलेला फ्लशच सर्वांत महाग पडतो. फ्लॉपवर जोडी पडलेली असेल, उदाहरणार्थ दोन दश्श्या, तर कोणाकडे तिसरी दश्शी असण्याची आणि तिचे फुल हाऊस (तीन सारखी आणि दोन सारखी पाने, फ्लशहून मोठा हात) होण्याची शक्यता धरावी. अशा फ्लॉपवर मी एक्क्याच्या फ्लशच्या ड्रॉवरही रेज टाळतो. त्यातून कधी एखादा फायदा हुकतो, तो मी हुकू देतो.

माणसे कमी करण्यासाठी केलेली रेज

मघाशी सांगितले की उजवीकडून बेट आली तर मागच्यांना पळवू नये. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. हाती इस्पिकचा एक्का आणि इस्पिकचा राजा, फ्लॉप इस्पिकची दश्शी, इस्पिकची पंजी, बदामची दुर्री. इस्पिकची नऊ पाने फ्लश करतात. शिवाय तीन एक्के आणि तीन राजे आपल्याला वरची जोडी देतात. सगळे धरून पंधरा आउट. मात्र हे वरचे सहा आउट टिकतील याची खात्री नसते. मागे एखाद्याकडे एक्का-पंजी असेल तर एक्का आल्यावर त्याच्या दोन जोड्या होतील आणि आपण मागे पडू. येथे उजव्या हाताच्या बेटवर रेज करून मागच्या लहान जोडीवाल्यांना बाहेर काढले, तर ते सहा आउट स्वच्छ होतात.

ही रेज निश्चिंतपणे करता येते, कारण 54 टक्क्यांना माणसे गेली तरी नुकसान नाही: समोर एकटा उरला तरी दोनच्या ढिगातला आपला वाटा 1.08 येतो, आणि सर्व जण राहिले तर तो कितीतरी वाढतो. फ्लश आणि दोन टोकांची स्ट्रेट एकत्र असलेल्या हाताचेही असेच आहे. बदामची दश्शी-नव्वी हाती आणि फ्लॉपवर बदामची अठ्ठी, बदामची सत्ती, किलवरची राणी असेल, तर बेट कोणत्या बाजूने आली हे पाहत बसण्याची गरज नाही. येथे संकोचून नुसता कॉल करणारा नवखा खेळाडू टेबलावर पैसे सोडून देत असतो.

फ्लॉपच्या आधी

फ्लॉपपूर्वीचे हात एका अर्थाने ड्रॉच असतात. एकाच चिन्हाची दोन पाने हाती असली तर फ्लॉपलाच पूर्ण फ्लश लागण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी, आणि फ्लशचा ड्रॉ मिळण्याची सुमारे 11 टक्के. लहान जोडीला फ्लॉपवर तिसरे पान मिळण्याची शक्यता जवळपास 12 टक्के. म्हणून सत्ती-छक्की किंवा लहान जोड्या स्वस्तात, चार-पाच जण आधीच आत आल्यानंतर खेळाव्यात आणि रेज करू नये. एक्का-राजा, एक्का-राणी, राजा-राणी अशी एकाच चिन्हाची मोठी पाने मात्र कितीही जण आत आलेले असले तरी रेज करण्याजोगी असतात. त्यांना मोठ्या जोडीची आणि मोठ्या फ्लशची अशा दोन्ही वाटा मोकळ्या असतात.

टर्नवर रेज

टर्नवर बेट दुप्पट आणि पान एकच बाकी, म्हणून साध्या ड्रॉवर पैसे वाढवण्यासाठी रेज करण्याचे दिवस तेथे संपतात. पंधरा आउट असतील तर एका पानातही 32.6 टक्के मिळतात आणि समोर तिघे असल्यास रेज करता येते, एरवी नाही.

राहिली ती समोरच्याने पाने टाकावीत या आशेने केलेली रेज. समोर एकच जण आहे, त्याची बेट धरून पॉटमध्ये पाच मोठ्या बेट आहेत आणि आपला फ्लशचा ड्रॉ आहे, असे समजू. आपण दोन मोठ्या बेट टाकून रेज केली, तर कॉलपेक्षा ती फायद्याची ठरण्यासाठी समोरच्याने साधारण नऊपैकी एकदा पाने टाकली तरी पुरते. हा आकडा पाहून अनेक जण हुरळतात. पण त्यात उलट रेजचा खर्च धरलेला नाही, आणि मुख्य म्हणजे छोट्या लिमिटवर टर्नला स्वतःहून बेट लावणारा माणूस नऊपैकी एकदाही पाने टाकेल की नाही हे त्या माणसावर अवलंबून असते. ज्याला आपण एकदा तरी टर्नला रेजपुढे पाने टाकताना पाहिले आहे, त्याच्यावरच ही रेज करावी. समोर दोघे किंवा अधिक असतील तर विचारही करू नये. सर्वांनी एकाच वेळी पाने टाकावी लागतात आणि तसे होत नाही.

रिव्हरला पान लागले नाही तर हात संपला. चौघांपुढे नुसत्या एक्क्यावर बेट लावून पॉट पळवता येत नाही.

न लागलेल्या ड्रॉची सवय होण्यासाठी

योग्य ठिकाणी रेज केलेला फ्लशचा ड्रॉही तीनपैकी जवळपास दोनदा लागत नाही. लागोपाठ पाच ड्रॉ हुकण्याची शक्यता सुमारे 12 टक्के आहे, आणि रेज करणाऱ्याचे त्या पाच डावांत कॉल करणाऱ्यापेक्षा जास्त पैसे गेलेले असतात. हे आधी माहीत नसेल तर सहाव्या वेळी हात आखडतो, आणि नेमकी तीच रेज राहून जाते. त्यासाठी घरी एक साधा सराव करावा. पत्त्यांच्या जोडातून बदामचा एक्का आणि सत्ती आपल्यापुढे ठेवावीत, बदामची राणी, बदामची चौकी आणि किलवरची नव्वी फ्लॉप म्हणून मांडावी. उरलेली 47 पाने नीट पिसून वरची दोन उलटावीत आणि बदाम आले की नाही ते कागदावर लिहावे. ती दोन परत मिसळून पुन्हा पिसावे. असे पन्नास वेळा करावे. एकूण 17-18 च्या आसपास खुणा होतील, पण त्या समान अंतरावर पडलेल्या नसतील. मध्येच सहा-सात रिकाम्या जागा ओळीने दिसतील. प्रत्येक ओळीपुढे समोर चौघे असताना रेजचे किती मिळाले किंवा गेले तेही मांडावे: हुकल्यास वजा एक, लागल्यास अधिक चार. सतरा खुणा झाल्या तर बेरीज 68 वजा 33, म्हणजे 35 बेट. मग तोच कागद समोर एकच जण आहे असे धरून, लागल्यास अधिक एक या हिशेबाने पुन्हा मांडावा. पाने तीच, खुणा त्याच, आणि बेरीज येते वजा सोळा.